या पानावरचे सगळे

आमच्या मंडळाच्या वधू-वर मेळाव्याचं काम माझ्या गळ्यात पडलं ते एकाच कारणाने. मी कॉम्प्युटरवर काम करते. अंधेरीच्या एका विमा ऑफिसात दिवसभर क्लेमच्या याद्या तपासायच्या आणि रविवारी विहाराच्या हॉलमध्ये बसून लग्नाळू मुलामुलींच्या याद्या बघायच्या. नवरा म्हणायचा, तुला सुट्टीत दुसरं काही सुचत नाही का. सुचत होतं, पण सेक्रेटरी काकांना नाही म्हणणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

हे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आधी सगळी नावं ते एका जाड रजिस्टरमध्ये लिहायचे आणि मेळाव्याआधी स्वतः सगळ्यांना फोन करायचे. मग चार वर्षांपूर्वी मंडळातल्या एकांच्या जावयाने वेबसाइट करून दिली आणि फोन बंद झाले. त्यांचं घोडबंदर रोडला सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. काम समाजासाठी म्हणून फुकट. फुकट असल्यामुळे त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, हाही नियम आपोआप झाला.

दीड वर्षापूर्वी वेबसाइटवरून मेसेज पाठवायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी एक पान होतं. त्यावर मोठा तक्ता. एका ओळीत एक मुलगा किंवा मुलगी: नाव, वय, शिक्षण, नोकरी, मूळ गाव, फोन. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टिक करायची छोटी चौकट, आणि तक्त्याच्या अगदी वर आणखी एक. ती वरची टिक केली की खालच्या सगळ्या ओळी निळ्या व्हायच्या आणि कोपऱ्यात यायचं, ‘सर्व निवडले’. मग ‘मेसेज पाठवा’. पाच सेकंदांत ‘मेसेज पाठवले’. किती जणांना, ते यायचं नाही. मीही कधी विचारलं नाही. सर्व म्हणजे सर्व, त्यात विचारायचं काय?

माझ्या पहिल्या वर्षी मेळाव्याला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. कमिटीत ठरलं की हल्लीच्या पोरांना मेळाव्याची लाज वाटते, त्यांना सगळं मोबाईलवर पाहिजे. मीही मान हलवली.

दुसऱ्या वर्षी मेळाव्याच्या महिनाभर आधी एक गृहस्थ हॉलवर आले. साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल. मोरवा गावाच्या बाजूला भाड्याने राहायचे, एका कंपनीत वॉचमन होते. जयभीम करून समोर बसले, फाइलमधून फॉर्मची झेरॉक्स काढली आणि टेबलावर ठेवली.

“ताई, आमच्या लेकीचं नाव तुम्ही काढून टाकलं का?”

“नाही हो. आम्ही कोणाचंच नाव काढत नाही.”

“मग तीन वर्षं झाली नाव देऊन. एक मेसेज नाही, एक फोन नाही. शेजारच्यांनी मागच्या साली नाव दिलं, त्यांना दोनदा मेसेज आला.”

“मेसेज सगळ्यांना जातो,” मी म्हटलं. “मी स्वतः पाठवते.”

मी लॅपटॉप उघडला, वरच्या शोधायच्या जागेत मुलीचं नाव टाकलं. काही सापडलं नाही. आडनाव टाकलं. त्या आडनावाचे दोन मुलगे निघाले, मुलगी नाही. फॉर्मवर मात्र मंडळाचा शिक्का होता आणि काकांची सही.

“तुमचं नाव यादीत दिसत नाहीये,” मी म्हटलं. “भरताना राहिलं असेल. आपण आता परत भरून टाकू.”

त्यांनी झेरॉक्सची घडी करून परत फाइलमध्ये ठेवली.

“तीन वर्षं रांगेत उभा आहे ताई. आता परत मागं जाऊन उभा राहू? आम्ही नांदेडकडचे. इथं तुम्ही सगळे रत्नागिरी-रायगडचे. तुमच्यात आमच्याकडची नको असतील तर तसं तोंडावर सांगा. आम्हाला राग नाही.”

काका मधे पडले, आपल्यात असलं काही नाही, आपण सगळे एकच वगैरे म्हणाले. ते गृहस्थ ऐकून घेऊन उठले आणि गेले. माझं मूळ गाव रत्नागिरीकडचं. पूनम सागर कॉलनीतल्या माझ्या घरी चालत जाताना मला त्यांचाच राग येत होता. आपण रविवार घालवायचे आणि वर हे ऐकून घ्यायचं.

पुढच्या रविवारी दुपारी भांडी बाजूला ठेवून मी तो तक्ता नीट बघितला. दीड वर्षात पहिल्यांदा अगदी तळाशी गेले. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘पाचशेपैकी एक ते शंभर’. बाजूला पाच पानांचे आकडे. मी दुसऱ्या पानावर गेले. तिथे वेगळी शंभर नावं होती आणि एकाही ओळीवर टिक नव्हती. पहिल्या पानावर परत आले, तर तिथली टिकही गेलेली.

म्हणजे दीड वर्ष मी फक्त पहिल्या शंभर जणांना बोलवत होते. तक्ता नव्या नोंदणीपासून सुरू व्हायचा. नवीन नाव आलं की वर बसायचं आणि जुनं एक ओळ खाली सरकायचं. जे सगळ्यांत जास्त दिवस थांबले होते, तेच सगळ्यांत खाली गेले होते.

पण मुलीचं नाव पाचव्या पानावरही नव्हतं. आणि पाचशे हा इतका गोल आकडा मला खटकत होता. मी माझ्याच नावाने एक खोटी नोंद केली. पान परत उघडलं. वर माझं नाव, खाली पाचशेच. पाचव्या पानाच्या तळाशी मघाशी एक पनवेलचा इंजिनिअर होता, तो गायब. माझं खोटं नाव पुसलं, तर इंजिनिअर परत हजर.

मी त्या जावयांना फोन लावला. ते जेवत होते बहुतेक.

“ताई, सिलेक्ट ऑल म्हणजे या पेजवरचे ऑल,” ते शांतपणे म्हणाले.

“मग तसं लिहा ना! सर्व निवडले असं का लिहिलंय?”

“सगळीकडे असंच असतं ताई.”

“आणि पाचशेच्या खालचे कुठे गेले?”

“कुठे जात नाहीत. डेटाबेसमध्ये सेफ आहेत. एकदम सगळा डेटा आणला तर पेज हँग होतं, म्हणून लिमिट टाकलंय.”

“शोधलं तरी सापडत नाहीत.”

“सर्च पण त्या पाचशेतच होतो ना.”

“मग त्या माणसाला मी तोंडावर सांगितलं की तुमचं नाव नाहीये, त्याचं काय?”

“ते नाव आहे ताई,” ते म्हणाले. “फक्त दिसत नाहीये.”

मी फोन ठेवला आणि नवऱ्यावर ओरडले. तो बिचारा पेपर वाचत होता.

जावयांनी आठवड्याभरात टिकांची दुरुस्ती केली; पाचशेच्या खालच्यांचं नंतर बघू म्हणाले. आता एका पानावरची टिक दुसऱ्या पानावर गेल्यावरही टिकून राहणार होती. मी पाचही पानं टिक करून मेळाव्याचा मेसेज पाठवला आणि मनातल्या मनात त्यांना माफ केलं. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. पुनर्विवाहासाठी आलेल्यांची सकाळी वेगळी बैठक आहे, तेवढ्यांनाच कळव. मी तक्त्याला पुनर्विवाहाची चाळणी लावली. एकवीस नावं उरली. ती टिक केली, मेसेज पाठवला आणि ऑफिसला निघाले.

स्टेशनला पोचेपर्यंत फोन सुरू झाले.

“मॅडम, आमच्या मुलीचं अजून पहिलंच व्हायचंय! पुनर्विवाह कसला?”

“तुम्हाला कोणी काय सांगितलं आमच्याबद्दल?”

एका मुलाच्या आईने तर रडत विचारलं, आमच्या पोराचं आम्हाला न सांगता कुठे लग्न झालंय का, तुम्हाला काही कळलंय का? मी तिला दहा मिनिटं समजावत प्लॅटफॉर्मवर उभी राहिले. दोन गाड्या सोडल्या.

झालं होतं असं, की आधीच्या पाच पानांच्या टिका तशाच टिकून होत्या. चाळणीमुळे त्या ओळी दिसत नव्हत्या, पण निवडलेल्याच होत्या. मला समोर एकवीस दिसले आणि मेसेज गेला पाचशे जणांना. जावई म्हणाले, “ताई, तुम्हीच तर म्हणालात टिका जाऊ देऊ नका.”



त्याच संध्याकाळी मी जावयांकडून अख्खी यादी शीटमध्ये मागवून घेतली. सातशे बारा नावं. पाचशेच्या खाली दोनशे बारा माणसं. त्यांना मेसेज पाठवायची माझी हिंमत नव्हती. मी एकेकाला फोन करत गेले. कित्येकांची लग्नं होऊन गेली होती. एकाचा मुलगा बालवाडीत जात होता आणि तो हसत म्हणाला, ताई जरा उशीर झाला. एका आईने शांतपणे सांगितलं की आता गरज नाही आणि फोन ठेवला. का, ते मी विचारलं नाही.

सहाशे चाळिसाव्या ओळीवर ती मुलगी सापडली. नंबर तिचाच होता. ती एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करायची.

“तुमचा फोन आला का शेवटी!” ती म्हणाली. “बाबा तीन वर्षं वाट बघतायत. मंडळाकडून येईल म्हणून त्यांनी दुसरीकडे कुठे बघितलं पण नाही.”

“सॉरी गं. चूक आमचीच आहे.”

“नाही, माझं बरंच चाललं होतं,” ती म्हणाली. “कोणी विचारायला येत नव्हतं. डिप्लोमा पूर्ण झाला माझा.” मग म्हणाली, “यायलाच पाहिजे का?”

मी म्हटलं, तुझी मर्जी, पण मला बाबांना भेटायचंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोरव्याला त्यांच्या घरी गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. पान, टिक, पाचशेची मर्यादा. त्यातलं किती त्यांना समजलं कोण जाणे.

“म्हणजे माणसानं काढलं नाही नाव?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“कोणीच नाही?”

“नाही हो. नाव आहेच. सहाशे चाळीस नंबरला.”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि आतल्या खोलीकडे बघून बायकोला म्हणाले, “ऐकलं का, कोणी काढलं नाही म्हणे.” मग मला म्हणाले, “मी त्या दिवशी नको ते बोललो ताई.”

मला ते ऐकवेना. त्यांनी झेरॉक्स समोर ठेवली होती, शिक्का होता, सही होती, आणि मी कागद सोडून तक्त्यावर विश्वास ठेवला होता. मी तेवढंच म्हटलं, की बोलायला पाहिजेच होतं तुम्ही, नाहीतर मला कधी कळलंच नसतं.

मेळाव्याला मुलगी आली. तिने माइकवर नाव, शिक्षण आणि नोकरी सांगितली, नवऱ्याबद्दलच्या अपेक्षा विचारल्यावर “अजून ठरवल्या नाहीत” म्हणाली आणि खाली उतरली. वडील पहिल्या रांगेत बसले होते. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, शेजारच्या शाळेतून बाकं आणावी लागली, आणि काका तो त्रास मला तीनदा ऐकवून गेले. मुलीसाठी नंतर दोन ठिकाणांहून विचारणा झाली. तिने दोन्हींना नाही सांगितलं, असं वडिलांनीच मला कळवलं. वैतागले होते, पण तक्रार मुलीबद्दल होती, मंडळाबद्दल नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी सांगून टाकलं की त्या पानावरून मी मेसेज पाठवणार नाही. जावई म्हणाले, आता सगळं फिक्स केलंय ताई, किती ओळी निवडल्या ते पण दिसतं. मी म्हटलं, दिसू दे. बरीच वादावादी झाली. शेवटी यादी छापून पाच जणांत वाटायची आणि फोन करायचे असं ठरलं. माझ्या वाट्याला एकशे चाळीसच्या वर नावं आली आहेत. त्यातली साठ झाली. त्यातल्या निम्म्यांनी फोन उचलला नाही.