तक्ता खालच्या बाजूने काढला होता

यवतमाळच्या एका तंत्रनिकेतनात मी प्रयोगशाळा सांभाळायचो. तिथल्या रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात एक ओळ आहे: ‘बोर्ड जळाला. कारण, विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा.’ ती ओळ खोटी होती, आणि ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

मायक्रोकंट्रोलरची चिप बोर्डवरून न काढता तिच्या फ्लॅश मेमरीत प्रोग्राम भरायचा तर सहा तारा लागतात. माहिती आत नेणारी, बाहेर आणणारी, ठेका देणारी, रीसेटची, आणि पॉवर-ग्राउंडच्या दोन. कोणती तार कोणत्या पिनेला, याचा तक्ता मीच काढून भिंतीवर लावला होता. मुलं मी बनवलेल्या केबली वापरत, त्यामुळे तक्त्याकडे कोणी बघत नसे. त्या वर्षी केबल तुटली आणि बाभुळगावकडच्या एका मुलीने तक्ता पाहून नवी केली. तिचा बोर्ड शेतातल्या मोटारीचा ‘ऑटो’ होता; लाइन आली की मोटार आपोआप सुरू करणारा. प्रदर्शनाला तोच जायचा होता. पण प्रोग्राम काही आत जाईना.

“सर, हा तक्ता खालून, सोल्डरिंगच्या बाजूनं काढेल हाये. वरून पाह्यलं तर पिना उलट्या येतात.”

“मले शिकवून राह्यली काय? आजवर कोणाले दिसलं नाही, तुलेच दिसलं?”

वर्ग हसला. चिप जळाली असं मी जाहीर केलं आणि प्रदर्शनाच्या यादीतून तिचं नाव कापलं. दुसऱ्या दिवशी तक्ता उतरवून तपासला. तिचंच बरोबर होतं. मुकाट्याने नवा तक्ता लावला. तिचा बोर्ड मात्र तपासला नाही. तो चालला असता तर कबूल करावं लागलं असतं. घरी नेऊन कपाटात टाकला. मी निवृत्त झालो, तरी तो तिथेच.

गेल्या महिन्यात तो घेऊन पुसदला गेलो. ती आता तिथे ऑटोच बनवते, हाताखाली चार बायका आहेत. मी सगळं सांगितलं.

“मले माहीत होतं सर. तक्ता बदललेला मी पाह्यला होता. तुमी सांगसान म्हणून वाट पाह्यली.”

“तारा मी लावू का?” मी एवढंच विचारलं.

“लावा नं. फक्त कुठून पाहून राह्यले ते सांगा. वरून का खालून?”

चारही बायका खदखदल्या. मीही हसलो.

सहाही तारा मीच जोडल्या. तिच्याकडे तेव्हाचा प्रोग्राम अजून होता. पडद्यावर चिपने आधी आपली ओळख दिली, म्हणजे ती कधी जळलीच नव्हती! हिरवी पट्टी सरकत टोकाला पोचली. केबल काढून लाइन दिली, आणि बोर्डवरचा रिले, म्हणजे मोटार चालू करणारा खटका, वाजला. टक!

“मोटार चालू!” ती ओरडली. मी खुर्चीतून उठून टाळ्या पिटल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तंत्रनिकेतनात गेलो. वर्ग चालू होता. तिने बोर्ड टेबलावर मांडला, मी ते जुनं रजिस्टर मागवून त्या ओळीसमोर लाल शाईने लिहिलं: ‘बोर्ड चालू आहे. तक्ता माझा चुकला होता. विद्यार्थिनीचं बरोबर होतं.’ सही केली आणि सगळ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं बोर्डाभोवती जमली, रिले पुन्हा पुन्हा वाजवू लागली.

ती माझ्या खांद्यावरून रजिस्टरात डोकावत होती.

“सर, तारीख राह्यली.”

मी तारीख घातली.