आधी तू घे

मोबाइलवरच्या खेळावरून माझं मन उडालं होतं, आणि ही गोष्ट मी जगात कुणालाही सांगू शकत होते, फक्त सासूबाईंना नाही. नवऱ्याला सांगितली तेव्हा तो भात कालवत म्हणाला, "मग नको खेळूस. त्यात काय एवढं?" तो शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत शिफ्ट करतो आणि मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर सोडून दुसरं काही बघत नाही. त्याला काय कळणार! मी खेळणं सोडलं तर त्याच्या आईचा दुपारचा तास जाणार होता, आणि तो तास त्यांना किती हवा असतो, हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी शिरूरमध्ये एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. सकाळभर लोक माझ्याकडे बघून तोंड वाकडं करतात. लग्नाआधीपासून माझी एक सवय होती, दुपारी घरी यायचं, जेवायचं आणि खोलीचं दार लोटून मोबाइलवर बंदुकांचा खेळ खेळायचा. त्यात शंभर माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, रिकाम्या घरांतून बंदुका, हेल्मेटं, औषधं गोळा करतात आणि एकमेकांना टिपत सुटतात. शेवटपर्यंत जो उरेल तो जिंकला. लग्नानंतर ही सवय मी सासरी गुपचूप चालू ठेवली होती.

एका दुपारी दार लोटायचं राहिलं. "मार त्याला, मार, मागे बघ ना गाढवा!" असं मी हेडफोन लावून ओरडत होते आणि सासूबाई दारात उभ्या. हातात लाटणं नव्हतं, पण चेहरा लाटणं घेतल्यासारखाच होता.

"कुनाला गं मारतीयास?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी खेळ दाखवला. त्यांच्या गुडघ्याचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालं होतं, जिने उतरणं बंद होतं. विहारातल्या बायका अधूनमधून भेटून जायच्या, बाकी सगळा दिवस गॅलरीतून रस्ता बघण्यात जायचा. त्या माझ्या शेजारी टेकल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या गवतात मानूस हाय बग."

मला नुसतं गवत दिसत होतं. मी म्हटलं, "आई, तिथे कुणी नाही." तेवढ्यात त्याच गवतातून गोळी आली आणि मी आडवी.

"म्या म्हनलं न्हवतं?" त्यात टोमणा नव्हता हो. त्यांना खरंच माझं वाईट वाटलं होतं.

मग त्यांच्या मोबाइलवरही खेळ आला आणि आमची जोडी जमली. सुरुवातीला त्या भिंतीत डोकं घालून चालत राहायच्या, खिडकीतून बाहेर पडायला गेल्या की तिथेच बसून राहायच्या. खेळातल्या बाईला अंगभर कपडे मिळेपर्यंत तर त्यांनी विमानातून उडी मारायलाच नकार दिला होता. पण एकदा बोटं सरावली आणि मग जी बाई खेळायला लागली तिला तोड नव्हती. मी होस्टेलवर भल्याभल्या पोरांबरोबर खेळले आहे. अशी नजर आणि असा धीर कुणाकडे पाहिला नाही. आमच्या जिन्यात कोण चढतंय हे त्या चपलांच्या आवाजावरून सांगतात, तेच कान त्यांनी खेळात लावले. सगळे इकडून तिकडे धावत असताना त्या एखाद्या घराच्या कोपऱ्यात शांत बसायच्या. "कशाला पळायचं? येत्याल की तेच." आणि यायचेही. आलेला पडला की त्या म्हणायच्या, "गेला बिचारा." पडलेल्याच्या सामानाला हात लावण्याआधी क्षणभर थांबायच्यासुद्धा. मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा की लॅबमध्ये रक्त काढता काढता मी पेशंटला सांगायचे, माझ्या सासूबाईंनी काल पाच जण मारले. पेशंट मुकाट हात पुढे करायचा.

अडचण एकच होती. घरात मी त्यांना आमटीत मीठ किती घालावं हेसुद्धा सांगत नाही, आणि खेळात मात्र मला हुकूम सोडावे लागायचे. "आई, तुमच्या मागच्या बाजूला एक आहे, तुम्ही जरा..." एवढं होईपर्यंत गोळी लागलेली असायची. "मला 'अगं' म्हन की," त्या वैतागायच्या. "जीव चाललाय आन् तुमी-आमी काय करतीस?" पण तोंडातून ते निघायचं नाही. "आई, झोपा! आई, उठा, पळा!" इथपर्यंत मी आले. त्यापुढे माझी मजल गेली नाही.

आणि एका बाबतीत आमचं रोज वाजायचं. कुठल्याही घरात शिरलो की त्या उंबऱ्यापाशी उभ्या राहायच्या. "आधी तू घे." मी चांगली बंदूक, चांगलं हेल्मेट, औषधं घ्यायची, मग त्या आत येऊन उरलंसुरलं उचलायच्या. टवके उडालेलं हेल्मेट, एखादं पिस्तूल, मूठभर गोळ्या. एवढ्यावर खेळून त्या माझ्यापेक्षा जास्त टिकायच्या. मी चिडायचे. "आई, तुमचा नेम चांगला आहे, लांबचं दिसणारी दुर्बीण तुम्ही घ्या." "व्हय व्हय, घेते की," म्हणायच्या, आणि मी वळून बघावं तर ती दुर्बीण माझ्या पायाशी टाकलेली. घरातही तेच. तव्यावरची गरम भाकरी आम्हाला, कडेला पडून गार झालेली त्यांना. भूकच नसते म्हणायच्या. सांगून सांगून मी दमले आणि शेवटी सवय म्हणून सोडून दिलं.

माझं मन नेमकं कधी उडालं ते सांगता येणार नाही. काही घडलं नाही, कुणाशी बिनसलं नाही. विमानातून उडी मारताना पोटात जो गोळा यायचा तो येईनासा झाला, एवढंच. नवीन कपडे आले, नवीन बेट आलं, मला कशाचंच काही वाटेना. मग गोळी लागून मेले की सुटल्यासारखं वाटायला लागलं. मेल्यावर फोन मांडीवर ठेवून मेथी निवडता यायची आणि सासूबाईंचा खेळही बघता यायचा. बघायला मला आवडायचं. खेळायला नको वाटायचं.

पण त्या मला सुखानं मरू देतील तर ना! या खेळात जखमी होऊन पडलेल्याला जोडीदार वेळेत पोचला तर उठवू शकतो. एकदा माझं लक्ष नव्हतं आणि मी उघड्या माळावर पडले. मी मनात म्हटलं, चला, झालं. तर पलीकडच्या घरातून सासूबाई निघाल्या. तिन्ही बाजूंनी गोळ्या येत होत्या. "आई, नका येऊ, राहू द्या मला!" मी ओरडले. त्या आल्याच. मला उठवता उठवता त्याच पडल्या. जिंकायच्या अगदी जवळ होत्या त्या दिवशी.

"चुकलं गं माजं," फोन खाली ठेवत त्या म्हणाल्या. "आधी धुराचा गोळा टाकून आडोसा कराया पायजे हुता."

मला रडू यायचंच बाकी राहिलं. जी बाई मला वाचवायला अशी येते, तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की मला आता खेळायचं नाही? त्या एकट्या खेळल्या तर कुणीही अनोळखी पोरगा जोडीला येणार आणि कानात शिव्या घालणार. त्यापेक्षा त्या फोन ठेवून देतील आणि पुन्हा गॅलरीत जाऊन बसतील. माझ्याशिवाय त्यांचं होणार नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

मग आम्ही दोघी त्यांच्या भावाकडे दौंडला गेलो. मामा रेल्वेतून रिटायर झालेले, घर लायनीच्या पलीकडे. गाडी आली की बोलणं अर्धवट सोडायचं आणि गाडी गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करायचं, अशी त्या घराची रीत आहे. लग्नानंतर सासूबाईंबरोबर मी तिथे राहायला पहिल्यांदाच गेले होते. दुपारी मटण होतं. मामींनी हाक मारली, "वन्सं, बसा आधी," आणि सासूबाई खरंच आधी बसल्या! मामा यायचे होते, पोरं यायची होती, आणि या ताट ओढून बसल्या. रश्श्यात पळी फिरवून म्हणाल्या, "नळी कुठाय? नळी माजी हाय." नळी मिळाली. त्यांनी ती ताटावर आपटून, ओढून खाल्ली, रस्सा जरा पातळ झालाय म्हणून मामींना ऐकवलं, आणि जेवून उठल्या त्या सरळ पंख्याखाली जाऊन आडव्या झाल्या. भांडी कोण घासतंय हे विचारलंसुद्धा नाही. मी बघतच राहिले. माहेरवाशीण म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, मीही होते. पण या माहेरवाशीण होऊ शकतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चारच्या सुमाराला त्यांनी फोन काढला. माझं उन्हानं डोकं चढलं होतं. मामांची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते, तीही तोच खेळ खेळते. ती म्हणाली, "आत्या, वहिनीला पडू दे, मी येते." मी कपाळावर ओला रुमाल ठेवून त्यांच्या मागेच लवंडले.

दोघी एका घरात शिरल्या. सासूबाई उंबऱ्यावर थांबल्या नाहीत.

"सर बाजूला. ती बंदूक माजी."

"आत्या, मी आधी बघितली!"

"बगितलीस ना? मग बगत ऱ्हा." हेल्मेट, दुर्बीण, औषधं, भराभर सगळं उचललं. "मला काहीतरी ठेव की," भाची कळवळली. "मागनं घे उरलं तर."

मी रुमाल काढून उठून बसले. आणि मग त्या जे खेळल्या! कोपऱ्यात बसणं नाही, वाट बघणं नाही. गाडी घेतली, टेकडीवर चढवली, चांगल्या बंदुकीनं लांबलांबची माणसं टिपली. भाची पडली तेव्हा म्हणाल्या, "पड जरा तितंच, ह्यांचं बगून येते," आणि दोघांचं बघून मग सावकाश तिला उठवायला गेल्या. जिंकल्या तेव्हा मांडीवर थाप मारून हसल्या. एवढ्या मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. इतके दिवस मी ज्यांच्याबरोबर खेळत होते त्या या नव्हत्याच. माझ्याबरोबर खेळताना त्या सासरी असायच्या.

परतीच्या एसटीत त्यांनी खिडकी मला दिली. चौफुला मागे पडला, दोन्हीकडे ऊस लागला, तेव्हा मी धीर केला. "आई, मला आता खेळावंसं वाटत नाही. तुम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं."

"मला कवाच कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "तू मेलीस की लई खुशीत असायचीस. त्वांडावर दिसायचं."

मी शरमेनं खिडकीबाहेर बघितलं. मग विचारलं, "दौंडला भाचीच्या हातातलं सगळं काढून घेतलंत. माझ्याबरोबर का नाही कधी?"

त्या पदरानं चष्मा पुसत बसल्या. "मी लगीन हून आले तवा माज्या ताटात काय यायचं ते माजं मला म्हायती. पातेल्याचा तळ खरवडायचा आन् खायचा. तवाच ठरीवलं, माज्या घरात सून आली की तिच्या आधी आपुन काय घ्यायचं न्हाई."

"पण आई, तो खेळ आहे!"

"खेळ आसला म्हनून काय झालं? सून ती सूनच की."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, आणि थोड्या वेळानं अगदी मोकळेपणानं म्हणाल्या, "तुला नगं वाटतंय तर नगंच खेळू. मी तिच्यासंगं खेळीन. तिच्याकडनं हिसकून घेता येतं."

आता दुपारी मी खेळत नाही. मोबाइलवरून तो खेळ काढूनच टाकला. सासूबाई बाहेर पलंगावर पाय पसरून बसतात आणि दौंडच्या भाचीबरोबर त्यांचं असं काही जुंपतं की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. "ठिव ती खाली! ठिव म्हनते ना! लबाड कुठली!" मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकते. मला खूप बरं वाटतं. अशी बाई माझ्या घरात आहे याचा गर्व वाटतो. आणि खरं सांगायचं तर त्या भाचीचा थोडा हेवाही वाटतो. बाकीच्या सुना सासू भांडते म्हणून रडतात. माझ्याशी मात्र माझ्या सासूबाई अशा कधी भांडल्या नाहीत. एकदा तरी त्यांनी माझ्या हातातलं काहीतरी हिसकून घ्यावं, असं मला फार वाटतं.