संपत सुताराची कॅरव्हॅन

आमच्या जुन्या कॅरव्हॅनची खिडकी गळायला लागली तेव्हा ऑफिसात सगळे हसले. कतारमध्ये पाऊस पडतो वर्षातून चार दिवस, आणि याची खिडकी गळते! मी इंजिनिअर, त्यातून पुण्याचा, तेव्हा ते हसणं चांगलंच झोंबलं. तीन हिवाळे मी त्या खिडकीच्या चारही कडांना सिलिकॉन चोपडत होतो. थरावर थर चढत गेले आणि आतल्या बाकावरची गादी ओली व्हायची ती होतच राहिली. शेवटी रुचा, माझी बायको, म्हणाली, "कौशिक, तुझं इंजिनिअरिंग खलास. आता एखादा सुतार बघ."

असा संपत सुतार आमच्याकडे आला. पाटण तालुक्यातला माणूस, पन्नाशी ओलांडलेला, सतरा वर्षं कतारमध्ये. सध्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये होता आणि कंपनीच्या खोलीवर राहायचा. मालकाला सांगून तो शुक्रवारी सकाळी अबू हमूरला आमच्या घरी आला. व्हिलामागे उभी असलेली कॅरव्हॅन पाहिली आणि तिथेच थबकला. आधी चाकांवरून हात फिरवला, मग आत जाऊन छोटा ओटा पाहिला, बाक पाहिले, दार दोनदा उघडून लावलं. खिडकीकडे मात्र बघायला तयार नाही. मी तसा उतावळा. म्हटलं, "संपतराव, गळती तिकडे आहे."

"व्हय सायेब, बगतो की," म्हणत त्याने पेचकस काढला आणि खिडकीखालच्या चौकटीत टोचला. चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा तो आत गेला.

"पावसाचं न्हाय हे. गाडी धुता काय पायपानं?"

धुतो की. धूळ बसते म्हणून दर शुक्रवारी धुतो.

"पानी वरनं कुठनंतरी शिरनारच. खाली त्याला भाईर पडायला वाट असती. ती वाट तुमीच बुजवली बगा." सिलिकॉनचा लांबलचक पट्टा त्याने सालीसारखा ओढून काढला आणि माझ्या हातात ठेवला. "पान्याला अडवायचं नसतं सायेब, वाट दाखवायची असती. आमच्याकडं चार म्हैने पाऊस हटत न्हाय, तवा शिकलो."

रुचा मागे उभी राहून हसत होती. तिला एवढा आनंद मी बऱ्याच दिवसांत दिला नव्हता.

मजुरीचं विचारलं, तर संपत खाली बघत म्हणाला, "मजुरी नको. एक शुक्रवार ही गाडी मला द्याल का? दर्यावर न्यायची. बायको येतीया." आणि मग बळेबळे सगळं सांगितलं.

कतारला आला त्या वर्षी कंपनीने त्याला साइटवरच ठेवलं होतं, पत्र्याच्या खोलीत. इथे साइटवरच्या त्या पत्र्याच्या खोलीलाही सगळे कॅरव्हॅनच म्हणतात. त्याने घरी फोनवर सांगितलं, कॅरव्हॅनमधी राहतो. बायकोने, शशिकलाने, भाचीला विचारलं. भाचीने पुस्तकातलं चित्र दाखवलं, चाकांवरचं घर, खिडकीला पडदा. झालं! वाडीभर झालं की संपतला चाकांचं घर मिळालंय. एका खोलीत आपण सहा जण झोपतो, हे सांगायचा त्याला धीर झाला नाही. पुढे साइट सुटली, इंडस्ट्रियल एरियातली खोली आली, तीही पत्र्याचीच, आणि माणसं सहाच राहिली. आता सतरा वर्षांनी शशिकला पहिल्यांदा येणार होती, पंधरा दिवसांसाठी. दोह्यातच, अल मुंतझात गाववाल्यांकडे उतरणार होती. तिने फोनवर एकच मागणं केलं होतं: तुमची कॅरव्हॅन दावा.

"खोटं पडलो तर तिला काय वाटंल?" तो म्हणाला. एरवी असल्या लपवाछपवीत मी पडत नाही. पण माझ्या हातात तो सिलिकॉनचा पट्टा होता, आणि माझीही अक्कल नुकतीच उघडी पडली होती. मी हो म्हटलं.

त्याने पहिल्या शुक्रवारी खिडकी उतरवली, कुजकं लाकूड ठणठणीत भाग लागेपर्यंत कापून काढलं आणि भोक आठवडाभर वाळत ठेवलं. दुसऱ्या शुक्रवारी सागाचे तुकडे तिरक्या सांध्यात बसवले. बाहेरून खिडकीखाली एक सागाची उतरती पट्टी लावली आणि पट्टीच्या पोटाला बोटभर आत एक खाच मारली. थेंब खाचेपर्यंत येतो आणि तिथून सुटतो, भिंतीकडे जात नाही. पांढऱ्या गाडीला ती तपकिरी पट्टी मला कुरूप वाटली आणि मी तसं बोललोही. संपत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. गावाकडच्या घराला म्या अशीच लावलीया." राहू दिली. मग पाइप मारून पाहिला. आत टिपूस नाही.

तिसऱ्या शुक्रवारी आम्ही गाडी सीलाइनच्या किनाऱ्यावर नेली. शशिकलावहिनी हिरव्या नऊवारीत, काखेत एक गाठोडं. संपतने नवी कोरी इस्त्री केलेली पँट घातली होती आणि तो दहावीच्या निकालाला आल्यासारखा उभा होता. वहिनींनी गाडीभोवती एक चक्कर मारली. खिडकीपाशी थांबल्या, पट्टीखाली बोट घातलं, ते खाचेत फिरवलं.

"खिडकी तेवढी तुमची हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गाडी कुनाची?"

"त्यांचीच आहे, वहिनी," मी घाईघाईने म्हणालो. खोटं बोलण्यातही माझं इंजिनिअरिंग कच्चंच.

"सायेब, सतरा वर्सं फोनात पत्रा वाजलेला ऐकलाय म्या. आन पाच-सा मानसं खोकल्याली. यांनी सांगितलं न्हाय, म्या इचारलं न्हाय."

वहिनींनी गाठोडं सोडलं आणि निळ्या फुलांचा पडदा काढला. संपतने धडपडत तो घेतला आणि खिडकीला लावून बघू लागला. पडदा खिडकीपेक्षा कितीतरी लांब होता, दोन्हीकडून लोंबायला लागला.

"त्यो खिडकीचा न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या खाटंचा हाय. सा जनांत आडोसा नको व्हय?"

रुचाने माझा हात घट्ट धरला. माझेही डोळे भरून आले होते, सांगायला लाज कसली. आमची एक खिडकी दुरुस्त करून या माणसाने आम्हाला केवढं काय पाहू दिलं, त्याचे उपकार मी कुठल्या तोंडाने फेडणार होतो?

संपत पडदा छातीशी धरून उभा होता. त्याने विचारलं,

"खाट न बगता माप कुठनं घेतलंस?"

"आवो," वहिनी म्हणाल्या, "तुमची उंची मला ठाव न्हाय व्हय?"