वायरीत दम आसा

आमच्या काळाचौकीच्या चाळीत इंटरनेट स्लो झालं की केबलवाले बाबीभाऊ राउटर बघायला येत नसत, माणसं बघायला येत. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचा जावई मोबाईल घेऊन लोळतोय, याची चौकशी झाली की निकाल ठरलेला: “वायरीत दम आसा रे, माणसांकच धीर नाय.”

खरं म्हणजे टीव्हीसाठी टाकलेल्या एकाच जुन्या वायरीवर त्यांनी अख्ख्या चाळीचं इंटरनेट लटकवलं होतं. तरी दर गणपतीत मंडपाशेजारी बॅनर लागे, ‘आता दुप्पट स्पीड!’ वायर तीच, फोटो तोच, फक्त भाऊंच्या केसांचा कलप ताजा. कशाच्या दुप्पट, असं विचारणाऱ्याच्या हातावर ते प्रसाद ठेवत आणि त्याला वाटेला लावत.

गेल्या वर्षी माझ्या स्वप्नालीचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू आला. पोर बरेच महिने घरी बसून खंगत चालली होती. मी भाऊंना म्हटलं, “आज तरी अब्रू राखा.”

“घाबरतंस कित्याक? कपॅसिटी भरपूर आसा,” म्हणाले, आणि चौकात उभे राहून ओरडले, “सावंतांच्या पोरीचो इंटरव्ह्यू आसा! वायफाय बंद करा सगळ्यांनी! परबकाकू, सीरियल उद्या बघा!”

हे भाऊंचं तंत्रज्ञान. चाळ कुरकुरली, पण घरोघरचं वायफाय बंद झालं. स्वप्नालीचं चित्र एकदाही अडकलं नाही. भाऊ मिशीला पीळ देत जिन्यात उभे होते, जणू इंटरव्ह्यू त्यांनीच दिला.

नोकरी लागली. कंपनी फायबर इंटरनेटची, आणि पहिलं काम मिळालं ते आमच्याच चाळीत दारोदार कनेक्शन विकायचं. स्वप्नाली रडकुंडीला आली. “बाबा, भाऊंच्या पोटावर पाय कसा देऊ?” म्हणत ती घरातच बसून राहिली.

बातमी भाऊंना लागलीच. दारात येऊन म्हणाले, “बसलंस काय गो? टार्गेट कोण पुरा करतलो? पयला कनेक्शन माझ्याकडे लाव.”

आपलं दुकान बंद होणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्याकडे फायबर लागलं, आणि मग भाऊच तिला घेऊन दारोदार फिरले. लोक संकोचून भाऊंकडे बघत. ती तोंड उघडायच्या आत तेच म्हणत, “पोर आपली आसा. नाय म्हणू नकात.”