दुसरा हात वाळेपर्यंत

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी काकूंचा फोन आला. "हे गेले," त्या म्हणाल्या. मी बूट घातले आणि रस्ता ओलांडून त्यांच्या घरी गेले. गराजमध्ये टेबलावर विमान होतं. त्याचा रंग वाळून चार महिने झाले होते. ते उडालं नव्हतं.

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावातली मराठी मंडळी काकांना 'वाळू दे काका' म्हणत. तोंडावर नुसतं काका, मागे वाळू दे काका. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नसे. गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. जगातल्या बहुतेक गोष्टी लोक ओल्या असतानाच हाताळतात आणि म्हणून बिघडवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणाचं भांडण झालं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलीनं परस्पर लग्न ठरवलं, की फोन काकांना. काका सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "वाळू दे. मग पाहू." माझा नवरा म्हणायचा, हा सल्ला नव्हेच, ही तर रंगाच्या डब्यावरची सूचना आहे. पण त्याच्या मॅनेजरशी त्याचं वाजलं, तेव्हा राजीनाम्याचा मेल त्यानं आठवडाभर ड्राफ्टमध्ये ठेवला होता, आणि तो अजून तिथंच आहे.

माझी त्यांची ओळख झाली ती मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये. काकांना गाडीत बसण्यापेक्षा गाडीकडे पाहण्यात रस. उन्हात ती कशी उभी आहे, तिच्यात दिव्याचा खांब सरळ दिसतो की लाटेसारखा, हे वाकून वाकून पाहत ते आत येत. त्या दिवशी एका नव्याकोऱ्या दिसणाऱ्या गाडीपाशी ते थांबले आणि मालकिणीला कौतुकानं म्हणाले, "वहिनी, हा मागचा दरवाजा नंतर रंगवलेला आहे. काम उत्तम आहे बरं का. फक्त पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब जास्त पडला."

"नंतर म्हणजे कधी?" वहिनींनी विचारलं. काकांना नाही, नवऱ्याला.

नवरा हातातल्या मोदकाकडे पाहत राहिला. घरी जाताना काकू काकांना फार बोलल्या. काकांचं म्हणणं एकच, "मी रंगाबद्दल बोललो. नवऱ्याबद्दल मी काही बोललो काय?" त्यानंतर बरीच वर्षं तो गृहस्थ गाडी लॉटच्या पार टोकाला लावत असे.

तेव्हा मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. मला काम करायची परवानगी नव्हती. तो सकाळी सातला जाई, आणि मी पुण्याहून आणलेल्या पुस्तकांसह घरात उरे. गणपतीतही माझ्या पिशवीत पुस्तक होतं. ते काकांनी पाहिलं. "मोठ्यानं वाचता येते काय तुला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग ये गराजमध्ये. येताना स्वेटर घालू नको. लोकर उडते."

गराज म्हणजे त्यांचं दुसरं रंगखातं. गाडी बारा महिने बाहेर, बर्फातसुद्धा. आत लांबलचक टेबल, वर चार ट्यूबलाइट, आणि टेबलावर बाल्साच्या हलक्या लाकडाचा सांगाडा. एका माणसाला कसंबसं उचलता येईल असं विमान, रेडिओवर उडणारं. पंख माझ्याहून लांब. रंग मारण्याआधी काका जमीन ओली करत, म्हणजे धूळ खाली बसते. स्वतः आंघोळ करून येत. मला एक जुना रेनकोट देत आणि दारापाशी खुर्ची.

"कसलं विमान आहे हे?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हिचं," ते घराकडे बोट दाखवून म्हणाले.

मग हळूहळू कळलं. काकू कॉलेजात असताना नागपुरात फ्लाइंग क्लबमध्ये विमान शिकत होत्या. डोक्यावर पंख असलेलं, दोन जणांचं शिकाऊ विमान. एक दिवस शिक्षक खाली उतरले, म्हणाले, जा एकटी, आणि काकू विमानतळाभोवती एक फेरी मारून उतरल्या. पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी होती. पुढच्या आठवड्यात साखरपुडा झाला. मग लग्न, मग अमेरिका, मग मुलगा, मग पस्तीस वर्षं. "मी कधी जाऊ नको म्हटलं नाही," काका म्हणाले, "पण जा असंही म्हटलं नाही ना." आता ते विमान करून रिमोट काकूंच्या हातात द्यायचा, एवढाच त्यांचा बेत होता. दुसरी फेरी राहिली होती.

माझं काम वेळ मोजायचं. काकांचा घड्याळावर विश्वास नव्हता, कारण गराजमधली थंडी आणि दमटपणा घड्याळाला कळत नाही. त्यांनी माझ्या जाड ऐतिहासिक कादंबरीवर हिशेब बसवला. खालच्या अस्तराला, म्हणजे प्रायमरला, एक प्रकरण, रंगाच्या हाताला दोन, वरच्या लॅकरला लढाईचं मोठं प्रकरण. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि ऐन रंगात आलेलं असताना म्हणायचे, "थांब. बोट लावून पाहू दे." बोट लावायचं ते कधी विमानाला नाही, तर बाजूला रंगवून ठेवलेल्या पत्र्याच्या तुकड्याला. आणि एक अट होती. "पुढचं एकटी वाचायचं नाही. पुढचा हात परवा आहे." त्या वर्षी थंडी लवकर पडली, रंगकाम थांबलं, आणि आमचे महाराज थँक्सगिव्हिंगपासून पार मार्चपर्यंत एक पाय रिकिबीत घालून उभे राहिले. ते पुस्तक माझ्या उशाशी होतं. मी उघडलं नाही. मी एवढा संयम दुसऱ्या कुठल्याही बाबतीत दाखवलेला नाही.

परवानगीच्या कागदाची वाट पाहत मी तेव्हा फार चिडचिडी झाले होते. एकदा त्यांना म्हटलं, "काका, माझ्याबद्दल वाळू दे म्हणू नका. मी वाळून चाललेय." ते हसले नाहीत. त्यांनी मला ब्लेड आणि रंग अडवायची मास्किंग टेप दिली. शेपटीवरच्या विमानाच्या नंबराची अक्षरं कापायची होती. "तुझा हात स्थिर आहे. माझा आता नाही," ते म्हणाले. अक्षरं कापायला मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला कागदाची आठवण झाली नाही.

असे काही हिवाळे गेले आणि एका वसंतात विमान पुरं झालं. पांढरं, पोटावरून गेलेला लाल पट्टा, आणि अशी चकाकी, की वरच्या चार ट्यूबलाइट पंखात चार सरळ रेघा होऊन दिसायच्या. काकांनी वर चादर घातली आणि काकूंना हाक मारली. तोवर काकू गराजमध्ये फारशा येतच नसत. वासानं डोकं दुखतं म्हणायच्या. त्या हात पुसत आल्या. काकांनी चादर ओढली.

काकूंनी विमानाभोवती एक चक्कर मारली. "छान झालंय," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "काय चुकलं?"

"अहो, छान म्हटलं ना."

"म्हणून तर विचारून राहिलो."

काकूंनी परत विमानाकडे पाहिलं. "हे शोरूममधलं आहे हो. आमचं असं नव्हतं. आमचं मळकं होतं."

आणि मग त्या बोलायलाच लागल्या. पाय ठेवून चढायचो तिथला रंग उडालेला होता. इंजिनचं तेल पोटावरून मागे ओघळलेलं असायचं, किती पुसलं तरी. डाव्या पंखाला ठिगळ होतं, त्याचा पांढरा निराळा, दुधात पाणी घातल्यासारखा. दाराची कडी तुटलेली, सुतळीनं बांधायचो. सीटवर कुणाच्या तरी घरच्या चौकड्याच्या पलंगपोसाची उशी. इतकी वर्षं मी त्यांच्या हातचे पोहे खात होते, पण त्यांना सलग एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

काका खुर्चीवर बसले. "एकतीस वर्षं," ते म्हणाले, "एकतीस वर्षं मी धुळीच्या एका कणापायी लाइन थांबवली. आणि आता मळवू?"

"मग नका मळवू," काकू म्हणाल्या. "हेही छानच आहे."

दुसऱ्या दिवशी काकांनी मळवायला घेतलं. मॉडेलवाल्यांत ही एक रीतसर विद्या आहे. पातळ केलेला तपकिरी रंग, काजळी, कापसाचा बोळा, खूप बारीक पॉलिशपेपर. काकांनी पुस्तिका मागवली, खुणा केल्या आणि तीन दिवस खपून तेलाचे डाग रंगवले. मी पाहिलं तेव्हा हसू आवरेना. सगळे डाग एका मापाचे होते आणि त्यांच्यातलं अंतर सारखं होतं.

काकू आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मळ असा रांगेत बसतो होय? रेशनला उभा राहिल्यासारखा?"

"मग कसा बसतो, सांग ना बाप्पा!"

काकूंनी काळ्या रंगात सरळ बोट बुडवलं आणि विमानाच्या पोटावर पुढून मागे एक फराटा ओढला. "वारा इकडून येतो. तेल असं पळतं. इथं फाटतं, इथं थांबतं." मग दुसरा. काकांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं ते उठून बाहेर ड्राइव्हवेवर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. "तू आत जा," ते म्हणाले, "आणि झालं की सांग. मला पाहवत नाही." पण ते खिडकीतून पाहत होते.

महिनाभर दोघं त्या विमानाला जुनं करत होती. पायरीवरचा रंग काकांनी स्वतःच्या बुटाच्या टाचेनं घासला. ठिगळाचा निराळा पांढरा साधायला त्यांना अकरा प्रयत्न लागले. "याच्यात निळ्याचा एक थेंब जास्त पाहिजे," असं ते म्हणाले, तेव्हा आम्हां तिघांनाही पार्किंग लॉटमधला तो दरवाजा आठवला. काकूंनी जुन्या उशीच्या अभ्र्याची बोटाएवढी उशी शिवली. दाराला सुतळी बांधली. शेवटी त्यांनी वाकून आत पाहिलं, बराच वेळ, आणि म्हणाल्या, "हं. हे."

जून उजाडला. मॉडेल क्लबचं मैदान घरापासून वीस मिनिटांवर, आणि वॉल्ट नावाचे तिथले जुने सभासद शिकवायला तयार होते. दोन रिमोट वायरीनं जोडायचे. काकूंचं चुकलं तर वॉल्टनी सांभाळायचं. काकू कॉम्प्युटरवर सरावही करत होत्या. मुलगा कॅलिफोर्नियाहून फोनवर म्हणायचा, "डॅड, जस्ट फ्लाय इट!" पण शनिवार आला की काकांना काहीतरी दिसे. वारा, ढग, बॅटरी. मी विचारलं की ठरलेलं उत्तर, "वाळू दे."

"वाळून खडखडीत झालंय," काकू आतून म्हणायच्या.

एकदा मी त्यांना गाठलंच. "काका, भीती वाटते का?"

"पडलं तर?" ते म्हणाले. "तिची एक फेरी माझ्यापायी राहिली. आता हीही माझ्याच विमानानं घालवली तर?" मी रिकामे डबे आवरायला लागले. बोलायला हवं होतं. मला वाटलं, पुढचा शनिवार आहेच.

ऑक्टोबरात काका गेल्यावर काकूंनी गराज बंद केलं. हिवाळाभर मी त्यांच्याकडे जात होते, पण आम्ही स्वयंपाकघरात बसत होतो. त्याच हिवाळ्यात मला कामाची परवानगी मिळाली, आणि गावच्या लायब्ररीत मी पुस्तकं लावू लागले. हे काकांना सांगायचं राहिलं.

मे महिन्यात काकूंचा फोन आला. "शनिवारी ये. स्वेटर घालू नको."

मैदानावर आम्ही तिघंच होतो. वॉल्टनी विमान धावपट्टीवर ठेवलं आणि पोटावरचे फराटे पाहून शीळ घातली. "हू डिड दिस?" काकूंनी बोट वर केलं. मग त्यांनी रिमोट हातात घेतला. विमान धावलं, डगमगलं आणि सुटलं. काकूंनी मान वर केली ती खाली केलीच नाही. झाडांवरून, तळ्यावरून, परत आमच्या डोक्यावर. एक फेरी झाली.

"लँड?" वॉल्टनी विचारलं.

"नो," काकू म्हणाल्या. "वन मोअर."

दुसऱ्या फेरीत वॉल्टनी आपला रिमोट गवतावर ठेवून दिला, हे मी पाहिलं. काकूंनी पाहिलं नाही. उतरताना विमान जरा वाकडं आलं, उजव्या पंखाचं टोक खडीला घासलं, ते गरकन फिरलं आणि थांबलं. काकू चालत गेल्या, विमानापाशी बसल्या आणि त्या टोकावरून त्यांनी बोट फिरवलं. वॉल्ट म्हणाले, तासाभराचं काम आहे, मी रंगवून देतो. काकू म्हणाल्या, "नो, थँक यू."

येताना गाडीत सिग्नलला काकू म्हणाल्या, "ह्यांनी केवढा आरडाओरडा केला असता." आणि हसल्या.

विमान आता काकूंच्या दिवाणखान्यात आहे. कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं, रंगाच्या एका हाताएवढी, उरली आहेत; ती मी एकटीनं वाचलेली नाहीत. उजव्या पंखाच्या टोकाला चार बोटं लांबीचा ओरखडा आहे. त्यावर कुणी रंग लावलेला नाही.