शेळीला सांगितलेलं सालन

माझ्या हातच्या स्वयंपाकाचा विषय निघाला की बायको पदर तोंडाला लावते आणि मुलं जागची उठायला लागतात. मला येतो तो एकच पदार्थ, टमाट्याच्या सालनात, म्हणजे दाट रश्शात, सोडलेली अंडी. न्याहारीला सांगा, जेवणाला सांगा, पाहुणा आला म्हणून सांगा, मी तेच करणार. तो मी शिकलो कसा, हे मुलांनी कधी नीट ऐकून घेतलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

निजामाचं राज्य होतं. जिंतूरजवळच्या खेड्यात आमची बऱ्यापैकी शेती होती. मी परभणीच्या उर्दू शाळेत काही इयत्ता काढून आलो होतो, त्यामुळं घरात माझी गणती कामापेक्षा बोलण्यात जास्त व्हायची. बायको परभणीचीच. पहिल्या खेपेला तिला दिवस गेले तेव्हा आईनं आनंदाच्या भरात गल्लीभर सांगितलं, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. मग जी बाई यायची ती उंबऱ्यात उभी राहून हळहळून जायची. त्या हळहळीनंच बायको अर्धी झाली.

म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिनं मला आधीच बजावलं. "या खेपेला कुणाला कळू द्यायचं न्हाई. सासूबाईंनाबी न्हाई. पोट दिसंल तवा दिसंल." मी मान डोलावली. गुपित राखायचा मला अनुभव नव्हता, हुरूप मात्र होता.

पंचाईत अशी की तिच्या पोटात काही ठरेना. तव्यावर भाकरी पडली की तिला त्या वासानं परसात पळावं लागायचं. वरण नको, ताक नको. गाल आत गेले. याही खेपेला हातचं जातंय की काय, ही भीती आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो. एकदा ती भिंतीशी ओकून बसली होती, तिथं मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

"काय खावं वाटतंय ते तरी सांग."

तिनं चूळ भरली. मग म्हणाली, "परभणीला आमच्या शेजारच्या मुसलमान मावशी, खाला म्हणायचो आम्ही, टमाट्याचं सालन करायच्या. त्यात अंडी फोडून सोडायच्या, अख्खीच्या अख्खी. तेवढं ऱ्हाईल वाटतंय पोटात."

आता अंडं आमच्या आतल्या चुलीवर चढत नसे. मटण-अंडी परसात, तीन दगडांवर, वेगळ्या भांड्यात, आणि तीही पुरुषांनीच करायची. टमाटी मळ्यात होती, पण आई त्यांना भेदरं म्हणायची आणि रक्तासारखा रंग म्हणून तिला ती बघवत नसत. म्हणजे साऱ्या जगातल्या नेमक्या ज्या दोन वस्तू आईला नको होत्या, त्याच बायकोला हव्या होत्या.

शेजारी मेंढरं राखणारं घर होतं, त्यांच्याकडून अंडी आणली आणि आईला सांगितलं, "मला खावंसं वाटतंय."

"तुला?" आई म्हणाली. "डोहाळे लागले का काय?"

ओसरीवर वडील हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

मी तीन दगडांपुढे उकिडवा बसलो. वडीलधाऱ्यांच्या कानांदेखत नवरा-बायकोनं बोलायची सोय नव्हती. बायको मागच्या दारात ज्वारी निवडत बसली, आणि शेजारी बांधलेल्या शेळीला सांगायला लागली.

"आधी कांदा लाल होऊ द्यावा."

मी कांदा परतला.

"मग लसूण, तिखट, हळद. अन् भेदरं बारीक चिरून, पार गळूस्तर शिजवावी."

शेळीला यात रस नव्हता. मी सगळं ऐकत होतो. आतून आईचा आवाज आला, "कुणाला बोलायलीस गं?"

"शेळीला. लय ओरडायलीय."

"शेळीला सैपाक शिकवायलीस व्हय?"

पहिल्या दिवशी मी अंडी फोडली आणि सवयीनं उलथनं फिरवलं. लाल घाटा झाला. "हात आवरावा मेला," बायको शेळीला म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी पळीनं खळगे केले, एकेकात एक अंडं सोडलं, वर झाकण ठेवलं, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो. स्वयंपाकातलं मला खरोखर जमलेलं काम तेवढंच, हात न लावणं.

आमच्यात पुरुष आधी जेवत आणि बायको नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बसे. मी शिकलेला, त्या रीतीविरुद्ध वडलांपुढे एकदा भाषणही केलं होतं. आता तीच रीत कामाला आली. मी परसात बसून सालनाला भाकरी लावून खायचो, अंडी कडेला सारून उठायचो.

"हट्टानं करतोस अन् ताटात टाकून उठतोस?" आई म्हणायची.

"भूक मेली."

"पुन्हा सांजच्याला करायचंय म्हणतोस की."

"सांजच्याला लागती."

बायको त्या ताटावर बसली की मी गोठ्याच्या आडून कान लावून उभा राहायचो. ओकारीचा आवाज आला नाही, की मगच बैलांना वैरण पडायची. दिवसाला तीन वेळा असं चालू झालं. गावात माझं नाव अंडेखाऊ पडलं, आणि एवढी अंडी खाऊन हा वाळायलाय कसा, याचं लोकांना नवल.

मग जमिनीच्या तंट्याच्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, वडलांनी मला जिंतूरच्या तहसिलीत धाडलं. दिवस उजाडायच्या आत निघालो. मुन्शी आमचं नाव पुकारेना आणि माझं चित्त परसात. मी घरी नसताना अंडी खावीशी वाटणार कुणाला? तिनं आज काय खाल्लं असेल? पेशीत काय झालं ते वडलांना धड सांगता येईना, इतका मी हजर होतो.

दिवस कलता घरी पोचलो तर परसातून धूर निघत होता. तीन दगडांपुढे आई बसली होती. नाकाला पदर बांधलेला, आणि हातातलं अंडं विंचू धरावा तसं धरलेलं. बायको पाटावर, पुढ्यात तिचं स्वतःचं ताट.

"दार लाव मागचं," आई म्हणाली. "सून कवाची बाजूला बसली न्हाई. ते मी न्हाई बघायचं तर ह्या घरात कुणी बघायचं?"

महिन्याचे चार दिवस बाईनं पडवीत वेगळं बसायचं, आणि तिला भाकर-पाणी आईनंच वरून द्यायचं. आम्ही दोघांनी इतकं सगळं लपवलं, आणि तेवढंच आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग बोलली का न्हाईस, माय?"

आईनं अंडं खळग्यात सोडलं, झाकण ठेवलं.

"मागल्या खेपेला बोलले की," ती म्हणाली. "लय बोलले."

तिनं त्यात काळा मसाला घातला होता, वर शेंगदाण्याचा कूट. खालांच्या सालनाशी त्याचं काही नातं नव्हतं. बायकोनं खाली मान घालून ताटातलं सगळं खाल्लं, बोटानं ताट पुसलं, आणि हळूच विचारलं, "अजून अर्धी भाकर हाय का?"

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. माझ्यापुढून जाताना म्हणाली, "तू आत बस जा. तुला पिठलं हाय."