भिंगार कॅम्पातले कागदी हंस

मी आणि सिंधू भेटलो की पहिला चहा होईपर्यंत संसाराचं बोलतो. दुसऱ्या चहाला रोशनबाईंचा व्हरांडा हजर! एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागचे चार ढकलाढकली करत पुढे येतात.

एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. आम्ही दोघी नगरला नव्यानंच शाळेत शिकवायला लागलो होतो. रोशनबाई भिंगार कॅम्पात एकट्या राहायच्या. पारशी. त्यांच्या काचेच्या कपाटात चिनी मातीच्या नाजूक बाहुल्या, हंस, मांजरं असं काय काय होतं. दर रविवारी त्या वर्ग घेत. कपाटातलं बघायचं आणि कागदाला नुसत्या घड्या घालून तसंच करायचं. कात्री नाही, डिंक नाही. "एला ओरिगामी बोलतात!"

*

माझं पहिलं मांजर. सकाळभर खपून केलं. सिंधू म्हणाली, "शेळी छान झालीय गं!"

माझा चेहरा पडला. रोशनबाई पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "वांधा नाय डिकरी, दूध तर देईल!"

*

हमीदचाचा बुकबाइंडर. वर्गातले एकटेच पुरुष. कागद तेच आणायचे. एकदा आमचे सगळे हंस सांभाळायला त्यांच्याकडे दिले. चाचांनी सवयीनं ते पुस्तकांच्या प्रेसखाली ठेवले! पुढच्या रविवारी हंसांचे पापड हातात.

सिंधू रडकुंडीला आली. चाचा म्हणाले, "रोती कायकू? अब पोस्ट से भी जाएँगे!"

*

लेक काहीतरी विलायती शिकतेय, असं ऐकून सिंधूचे वडील अकोले तालुक्यातून एसटीनं आले. व्हरांडाभर नजर फिरवून म्हणाले, "मशीन कुठं हाय?"

मशीन नसतं म्हटल्यावर त्यांनी एक हंस उचलला. "ह्यो पान्यात पवतो का?" आणि कुणी काही बोलायच्या आत बादलीत सोडला! हंस जरासा हलला, मऊ पडला, बसला.

नगरात तेव्हा पिण्याच्या पाण्याचे हाल चालले होते. रोशनबाई बादलीत डोकावल्या. "दुष्काळात पाणी पिऊन मेलेला हा एकच!"

सगळ्यांत मोठ्यानं सिंधूचे वडीलच हसले.

*

एका रविवारी गेलो तर रोशनबाई जमिनीवर बसलेल्या. मांडीवर पांढरे तुकडे. कपाटात एक नाचणारी बाहुली होती. त्यांच्या नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षी आणलेली. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुसताना ती त्यांच्याच हातून सुटली.

"आज वर्ग नाय," एवढंच म्हणाल्या.

कुणी उठलं नाही. चाचांनी पिशवीतून पांढरा कागद काढला. त्यांनी कंबर साधली, सिंधूनं हात, मी घागऱ्याच्या चुण्या. कितीदा उलगडलं, पुन्हा दुमडलं. उन्हं कलली तेव्हा कागदाची बाहुली एका पायावर उभी राहिली. मान जरा वाकडीच झाली होती.

रोशनबाईंनी तिला दोन्ही हातांनी उचलून कपाटात ठेवलं.

नाताळच्या सुट्टीत त्यांचा मुलगा मुंबईहून आला. आम्ही तिथंच होतो. कपाटासमोर उभा राहून म्हणाला, "मम्मा, नव्या घरात शोकेस केलंय. यातली एखादी नेऊ?"

रोशनबाईंनी कपाट सताड उघडलं.

"सगळ्या ने, डिकरा. ही सोडून!"